पत्ता

कोडाप्यांच्या, लोनबल्यांच्या, परवाच्या मगऱ्यांच्या,
घरात होत्या तेवढ्या लग्नपत्रिका मधोमध कापल्या.
पुढून चि. सौ. कां., मागून डीएचसीपी.
पुढून कृपया आहेर आणू नये, मागून पोर्ट त्रेपन्न.
एकशे अठरा पत्ते झाले.
मायची चौथी झाली आहे,
म्हणून अक्षरं मराठीत फोडून लिहिली,
ए-आर-पी, एन-ए-टी, टी-टी-एल.
ती वाचते उधारीची वही वाचल्यासारखी.

पहाटे तीनला पानं तोडायला जाते.
दुपारी पडवीत पुडकी बांधते,
सत्तर पानांचं एक, देठाला देठ,
आणि दर पुडक्यामागे एक पत्ता उचलते.
"सांग वं. डी-एन-एस."
नाव सांगितलं की नंबर काढून देतो.
"म्हंजे आपला कोतवाल."
हाव, कोतवाल.
"टी-टी-एल."
निघतानाच पॅकेटला मोजून दिलेलं आयुष्य.
प्रत्येक राउटर त्यातलं एक घेतो,
शून्य झालं की तिथंच टाकून देतो.
ती वाकाला गाठ मारते.
पुढचा पत्ता लगेच उचलत नाही.

उत्तर तिला ठाऊक नसतं.
पण मी चुकले की ओळखते.
चुकताना म्हणे मी नाकाला हात लावते.

सबनेट मात्र पंधरा दिवस जमलं नाही.
स्लॅश सव्वीस म्हणजे चौसष्ट पत्ते,
वापरायला मिळतात बासष्ट.
"दोन कोनं खाल्ले?"
फळीवरचा दिवाणजी शेकड्यामागं
दोन पुडकी जास्तीची ओढतो,
तिला वाटलं इथंही दिवाणजी बसला आहे.
नाही वं माय. पहिला पत्ता त्या जाळ्याच्याच नावाचा,
शेवटचा, सगळ्यांना एकदम हाक मारायचा.
तिनं हातातलं पुडकं उलटंपालटं करून पाहिलं.
"मंग असं सांग ना. वरचं पान आन खालचं पान.
ऊन तेच खातेत. बिडी मधल्याची होते."
त्यानंतर माझं सबनेट चुकलं नाही.

पिंगचा पत्ता तिनं दोनदा विचारला.
इकडून हाक, तिकडून ओ,
मध्ये किती वेळ गेला ते मोजायचं.
"हे तं आमी रोजच करतो."

मागच्या उन्हाळ्यात मीही गेले होते.
बांबूच्या आड माणूस दिसत नाही,
मोबाइलला एक दांडी नाही.
थोड्या थोड्या वेळानं कोणीतरी हूऽऽ करतं
आणि बाया एकेक करून हूऽऽ देतात,
अंजिरा, फुलनबाई, गोपिका, माय.
एकदा गोपिकेचा आला नाही.
सगळे हात थांबले.
कोणी पान खुडलं नाही, कोणी त्याचं नाव घेतलं नाही.
मग नाल्याच्या अंगानं आला,
तोंडात खर्रा धरून दिल्यासारखा,
आणि बाया तिला शिव्या देत कितीतरी वेळ हसल्या.
पुस्तकात त्याला रिक्वेस्ट टाइम्ड आउट म्हणतात.
त्याचा पत्ता मी केलाच नाही.

"एकशे सत्तावीस टिंब शून्य टिंब शून्य टिंब एक.
हा कोनाचा?"
ज्याचा त्याचा. कुठं जात नाही,
फिरून आपल्याकडंच येतो.
"मंग पैसे नसन लागत."

नागपूरला तिसऱ्या मजल्यावर, गार खोलीत,
पहिल्या प्रश्नाआधी स्क्रीननं राहणं विचारलं.
मु. पो. पांढरबोडी, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर.
आपण दारातून निघतो, जिल्ह्यापर्यंत जातो.
आयपी उलटा येतो,
मोठ्याकडून लहानाकडं, दाराशी थांबतो.
साडेअकरा झाले होते.
माय पडवीत बसली असेल, बोटं काळी करून,
विचारायला कोणी नाही.

बाराव्या प्रश्नाला हात नाकाकडं गेला.
मी तो पाहिला,
खाली घेतला,
आणि उत्तर बदललं.